सह्याद्रीतील मुक्तद्वार आश्रयस्थाने

सह्याद्रीच्या अरण्यातून घाट ओलांडणाऱ्या भिक्खूंना निवारा कोणत्या अधिकाराने मिळे, याचे उत्तर आम्हांस शिलालेखांत सापडते. नाशिक येथील १० क्रमांकाचे लेणे नहपानाचा जावई उषवदात याने ‘चातुर्दिस’ संघास, म्हणजे चारी दिशांच्या भिक्खूंस अर्पण केले. वर्षावास करणाऱ्या २० भिक्खूंना चीवरासाठी प्रत्येकी १२ कार्षापणांची तरतूदही त्याने केली. भाडे नाही, कुळाची चौकशी नाही! निवाऱ्यासोबत पाणीही हवेच; म्हणून ठिकठिकाणी लेण्यांशेजारी पोढी, म्हणजे पाण्याची टाकी, खोदलेली आढळतात. महाडजवळील गांधारपाले लेण्यांतही ती आहेत. त्याच महाडात २० मार्च १९२७ रोजी चवदार तळ्याच्या ओंजळभर पाण्यासाठी बाबासाहेबांना सत्याग्रह करावा लागला.