काकांची कमांडर

गेल्या महिन्यात ढेबेवाडीहून दादाचा (म्हणजे चुलतभावाचा) फोन आला. काकांची कमांडर गोठ्यामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये सहा वर्षं उभी आहे, हे घरच्या सगळ्यांना ठाऊकच आहे. आता भंगारवाला येऊन, टायरला लाथ मारून, वजनावर भाव सांगून गेलाय. दादा म्हणतो, देऊन टाकू. त्याचा थोरला म्हणतो, अजिबात द्यायची नाही, आपण तिची डोंगरात ट्रेलवर न्यायची गाडी बनवू. मोबाईलवर व्हिडिओ बघून पठ्ठ्याने यादीसुद्धा केलीय. मोठे टायर, उचललेली बॉडी, चारही चाकांना ताकद, पुढे विंच, टपावर तंबू. बजेट दीड लाख, सगळं धरून!

"तू जुन्या गोष्टींवर लिहीत असतोस ना, मग तूच काय ते ठरव," असं म्हणून दादाने हे लोढणं माझ्या गळ्यात अडकवलं.

मला गाडीतलं फारसं कळत नाही. पाना आणि पकड यातला फरक कळतो, एवढंच. पण ही गाडी आमच्या दारात आली कुठून, हे शोधत बसलो आणि चार रात्री त्यातच गेल्या.

सुरुवात थेट १९४० साली, अमेरिकेत. युद्ध दारात आलेलं, आणि तिथल्या लष्कराला चिखलातून, ओढ्यातून चालणारी हलकी गाडी हवी होती. जुलैमध्ये त्यांनी शंभराहून जास्त कंपन्यांना विचारणा पाठवली आणि नमुना बनवून द्यायला मुदत दिली ४९ दिवसांची. ती पाळली बॅंटम नावाच्या एका डबघाईला आलेल्या छोट्या कंपनीने. कार्ल प्रॉब्स्ट या इंजिनिअरला त्यांनी बोलावून घेतलं आणि तो कामाला लागला. सगळं नव्याने घडवायला ना वेळ होता ना पैसा. मग इंजिन घेतलं काँटिनेंटल कंपनीचं तयार, आणि ॲक्सल घेतले स्टुडबेकरच्या एका साध्या मोटारीच्या ॲक्सलवरून बेतलेले. २३ सप्टेंबरला गाडी लष्कराच्या दारात उभी. पुढे मोठी ऑर्डर मिळाली ती मात्र विलीज आणि फोर्डला, कारण बॅंटमचा कारखाना फारच लहान. युद्ध संपेपर्यंत सहा लाखांच्या वर जीप तयार झाल्या.

हे वाचून मला गंमत वाटली. जगातल्या सगळ्या ऑफरोड गाड्यांची जी आजी, ती स्वतःच मुळात जुळवाजुळव! ह्याचं इंजिन, त्याचा ॲक्सल, आणि डोक्यावर मुदत. आमचा पुतण्या करायला निघालाय त्यापेक्षा हे फार वेगळं नाही. (हे त्याला अजून सांगितलेलं नाही, लगेच चढून बसेल. :-) )

युद्धाच्या काळात के. सी. महिंद्र हिंदुस्थानच्या खरेदी मंडळाचे प्रमुख म्हणून वॉशिंग्टनला होते. २ ऑक्टोबर १९४५ रोजी कंपनी निघाली ती 'महिंद्र अँड मोहम्मद' या नावाने. त्यातले मोहम्मद म्हणजे गुलाम मोहम्मद. फाळणीनंतर ते पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री आणि नंतर गव्हर्नर जनरल झाले, आणि १९४८ मध्ये कंपनीचं नाव 'महिंद्र अँड महिंद्र' झालं. मुंबईत माझगावला विलीज जीपचे सुटे भाग आणून जोडायला सुरुवात झाली. पुन्हा जोडणीच! मग हळूहळू भाग इथेच बनू लागले. उंच बॉनेटची ती जीप, जुन्या सिनेमात फौजदार जिच्यातून उडी मारतो ती, अमेरिकेत बंद झाल्यावरही आपल्याकडे कित्येक दशकं बनत राहिली. पेट्रोल परवडेना तेव्हा तिच्यात डिझेल इंजिन आलं, तेही ट्रॅक्टरच्या घराण्यातलं. कमांडर ही याच घराण्यातली लांब अंगाची लेक.

आता आपल्या भागाकडे येतो. सातारा आणि सांगली हे मुळात एकच. १ ऑगस्ट १९४९ ला दक्षिण सातारा वेगळा निघाला आणि १९६० मध्ये त्याचं नाव सांगली झालं. आजोबांच्या बोलण्यात जीप म्हणजे कायम साहेबाची. कोयनेच्या धरणावरच्या साहेबाची, पाटबंधाऱ्याच्या साहेबाची, बीडीओची, कारखान्याच्या चेअरमनची. जीप गावात शिरली की एकतर जमीन जाणार किंवा मतं मागायला कुणीतरी आलेलं असणार, असं ते म्हणायचे. स्वतः जीपमध्ये बसणं हा त्यांच्या लेखी विषयच नव्हता.

हे बदललं ते वडापमुळे.

पुण्या-मुंबईच्या आणि परदेशातल्या वाचकांसाठी सांगतो. वडाप म्हणजे आमच्या सातारा-सांगली-कोल्हापूर पट्ट्यातली, माणशी भाडं घेऊन भरून जाणारी जीप. दुसरीकडे 'काळी-पिवळी' म्हणतात ती याचीच बहीण, पण काळ्या-पिवळ्याला निदान परवाना असायचा. वडापला बहुतेक वेळा तोही नाही. कमांडर नाहीतर ट्रॅक्स, पांढऱ्या पाटीची, कागदोपत्री खाजगी. बुकात लिहिलेल्या माणसांच्या दुप्पट आत, चारपाच मागच्या पायरीवर लोंबकळत, उरलेले टपावर. ड्रायव्हर स्वतः अर्धा दाराबाहेर, कारण त्याच्या सीटवरही तिघे. वेळापत्रक एकच, गाडी भरल्याशिवाय सुटणार नाही.

काकांनी १९९६ मध्ये जुनं शेत सोडवायच्या ऐवजी ही कमांडर घेतली, त्यावरून घरात किती बोलणी झाली ते आत्याला विचारा. कराड ते ढेबेवाडी, आणि ढेबेवाडीपासून वरच्या वाड्या. एसटी ढेबेवाडीपर्यंत यायची. तिथून वर रस्ता असा नव्हताच, बैलगाडीची चाकोरी होती. पावसाळ्यात त्या चाकोरीचा ओढा व्हायचा.

आणि त्या चाकोरीवरून काका रोज चार खेपा करायचे, तेही टू व्हील ड्राइव्ह गाडीने. हे मला आत्ता कळलं! मी लहानपणापासून समजत होतो की काकांची गाडी 'फोर व्हील'ची आहे. नाही. आमच्याकडच्या जवळजवळ सगळ्या वडाप गाड्यांना ताकद फक्त मागच्या चाकांना. ती चढायची कशी, हे मी काकांबरोबर क्लीनर म्हणून हिंडलेल्या आमच्याच एका पाहुण्यांना विचारलं. ते हसले. म्हणाले, अहो, मागं दहा माणसं बसलेली असायची ना, त्यांच्या वजनानं चाक जमीन धरायचं. आणि नाहीच धरलं तर तीच माणसं उतरून ढकलायची.

बघा, म्हणजे भार हीच पकड, आणि तोच भार वेळ पडली तर ढकलायलाही तयार! विंच कशाला हवी मग?

बाकीचे बदलही गरजेपुरतेच. मागच्या कमानीत दोन जादा पाटे घातलेले, कारण कंपनीचे पाटे एवढ्या माणसांना पुरायचे नाहीत. टपाला लोखंडी पाइपचं कॅरिअर, दुधाच्या किटल्या आणि पोत्यांसाठी. मागे वेल्डिंग करून वाढवलेली पायरी. तळाला इंजिनखाली जाड पत्रा, दगड लागू नये म्हणून. आज हेच 'स्किड प्लेट' नावाने पेटीत घालून विकतात. सगळं काम कराडच्या गॅरेजमध्ये, उधारीवर, हप्त्याहप्त्याने. एसयूव्ही हा शब्द आमच्याकडे यायच्या आधी एसयूव्हीचं सगळं काम होऊन गेलं होतं.

वडापचे गोडवे गायचे नाहीत मला. टपावरून पडून माणसं गेली आहेत, घाटात उलटलेल्या गाड्यांची मोजदाद नाही, आणि विमा नसल्यामुळे त्या घरांना दमडीही मिळाली नाही. काकांच्या हातून असं काही घडलं नाही, हे त्यांचं कसब थोडं आणि नशीब जास्त. पण रात्री-अपरात्री बाळंतीण किंवा साप चावलेला माणूस कराडला पोचवायचा तर दार काकांचंच वाजायचं, हेही खरंच. त्या खेपेचे पैसे ते घेत नसत. काकूने त्यावरूनही पुष्कळ ऐकवलंय त्यांना.

आता देवराष्ट्रे. सांगलीहून कराडला जाताना जरा वाकडी वाट केली की हे गाव लागतं. यशवंतराव चव्हाणांचं जन्मगाव म्हणून आपण शाळेत पाठ केलेलं. २०२१ च्या डिसेंबरात ते वेगळ्याच कारणाने देशभर गाजलं. तिथले लोहारकाम करणारे दत्तात्रय लोहार यांनी मुलाच्या हट्टापायी भंगारातल्या सामानातून छोटी जीप बनवली. खर्च सुमारे ६० हजार रुपये. स्टार्टर नाही, दुचाकीसारखी किक मारून सुरू होणारी, आणि स्टिअरिंग डावीकडे! (युद्धातल्या मूळ जीपचंही स्टिअरिंग डावीकडेच होतं, बरं का.) व्हिडिओ पसरला आणि आनंद महिंद्र यांनी तो पाहून कौतुक केलं. पण त्याचबरोबर हेही सांगितलं की ही गाडी नियमात बसत नाही, आज ना उद्या रस्त्यावर अडवली जाईल. त्यांनी बदल्यात नवी बोलेरो देऊ केली, आणि जानेवारी २०२२ मध्ये ती लोहार कुटुंबाला मिळाली.

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मीही. दारात नवीकोरी बोलेरो येणं ही लहान गोष्ट नाही. तरी एक खुटखुट राहिलीच. देवराष्ट्र्यापासून जवळच किर्लोस्करवाडी आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये औंध संस्थानच्या माळरानावर कारखाना मांडला. त्यांचा लोखंडी नांगर सुरुवातीला कुणी घेईना, कारण लोखंडाने जमीन नासते अशी लोकांची समजूत. साताऱ्याकडे कूपरांनीही नांगर आणि पुढे डिझेल इंजिनं बनवली. म्हणजे या दोन जिल्ह्यांत भट्टी पेटवून आपल्याला लागेल ते आपणच करायची रीत शंभर वर्षांची. लक्ष्मणरावांना नांगर बनवायला पासिंग लागलं नाही. लोहारांच्या गाडीला मात्र रस्त्यावर जागा नव्हती, ती गेली कौतुकाची वस्तू म्हणून जपून ठेवायला.

नियम चुकीचा आहे असं नाही म्हणत मी. टपावरून पडलेली माणसं आठवली की नियम हवाच वाटतो. मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलम सांगतं की कंपनीने जी गाडी जशी दिली आणि बुकात जशी लिहिली, तिच्यात फरक पडेल असा बदल मालकाने करायचा नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच ठामपणे सांगितलं. म्हणजे टू व्हीलची कमांडर फोर व्हील करणं, बॉडी उचलणं, पुतण्याच्या यादीतली ही निम्मी मोठी कामं तिथेच बाद. आणि काकांचं वडापही त्याच न्यायाने बाद होतं म्हणा, पण तेव्हा वर वाडीला दुसरं काहीच जात नव्हतं. ह्याला निदान सुट्टीचा शनिवार आहे.

त्याला जायचंय ते सड्यांवर. नव्वदच्या दशकाच्या शेवटी वनकुसवडे, चाळकेवाडीच्या सड्यांवर पवनचक्क्या आल्या आणि त्यांची अवजड पाती वर न्यायला रस्ते झाले. जिथे गुराख्याशिवाय कुणी जात नसे तिथे मोटारी जाऊ लागल्या. मग हौशी लोक रस्ता सोडून सड्यावर उतरू लागले. सडा म्हणजे जांभा खडक आणि त्यावर बोटभर, फार तर वीतभर माती. पावसाळ्यात त्या मातीत जे उगवतं त्यासाठी कासचं पठार २०१२ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत गेलं. त्या मातीवरून ओलीत एक चाक फिरलं की चरा वर्षानुवर्षं राहतो. काका चाकोरी सोडत नसत, कारण चाकोरीबाहेर कुणाचं तरी भात असायचं. एवढं मी पुतण्याला स्पष्ट सांगितलं. रुसला दोन दिवस.

शेवटी दादा, तो आणि मी असे तिघांनी बसून यादी पुन्हा केली. बुकातल्याच मापाचे पाच टायर. ब्रेकचं सगळं काम नवीन. पाटे उतरवून, तुटलेले बदलून, जादा दोन काढून टाकले. वायरिंग, बॅटरी, क्लचप्लेट. फ्युएल पंप मी सांगलीला आणून दुरुस्त करून घेतला. पत्र्याचं काम गावातच. विंच नाही, तंबू नाही, सतरंजी आहे. आत्तापर्यंत ८७ हजार गेलेत आणि रंग बाकी आहे. पुन्हा नोंदणीची फी वेगळी. ती एप्रिल २०२२ मध्ये मोटारींसाठी ६०० वरून ५००० झाली, ते दादाला आधी सांगितलं नव्हतं. सांगितल्यावर त्याने माझ्याकडे जसं बघितलं तसं काका बघायचे.

पासिंग व्हायच्या आधी रस्त्यावर काढायची नाही असं ठरलंय. म्हणून परवा रविवारी आपल्याच शेतातल्या गाडीवाटेने विहिरीपर्यंत नेऊन बघितली. पुतण्या चालवत होता, शेजारी काकू, मागे मी एकटा. विहिरीच्या अलीकडच्या चढावर मागची चाकं जागच्या जागी फिरायला लागली, माती उडाली, इंजिन बंद. पुतण्या घामाघूम. म्हणाला, बघा, फोर व्हील पाहिजेच होती.

काकूने मागे वळून रिकाम्या बाकांकडे बघितलं आणि म्हणाली, "तसं न्हाई रं. मानसं कमी हायत मागं."