आधीं आईचें ताट

आमच्या मध्यमवर्गीय घरांत बाळंतीण असली म्हणजे तिच्या खाण्यापिण्याचीं सूत्रें घरांतील सर्वांत वडील बाईच्या हातीं जातात. अळिवाची खीर, डिंकाचे लाडू, शेपूची भाजी, लसूण घातलेली बाजरीची भाकरी, जेवणावर बाळंतशोपा, ही यादी कोणी कागदावर लिहून ठेवीत नाहीं. ती आजीच्या हातांना पाठ असते. या सर्व खटाटोपामागें एकच साधा सिद्धांत आहे. मूल अंगावर पितें. तेव्हां मुलाला वाढवावयाचें असेल तर आधीं आईला वाढलें पाहिजे. हें इतकें उघड आहे कीं, तें शिकविण्यास कोणा पंडिताची गरज पडूं नये. परंतु जें आजीला ठाऊक होतें तें राज्यकर्त्यांना कळावयास कित्येक दशकें लागलीं, आणि कळल्यावरहि तें त्यांच्या हातून वरचेवर निसटत राहिलें. अंगावर पाजणाऱ्या माता व त्यांचीं लहान मुलें यांना सरकारनें अन्न पुरविण्याची जी पद्धत आज अनेक देशांत रूढ आहे, तिचा इतिहास म्हणजे बऱ्याच अंशीं या निसटण्याचाच इतिहास होय. तो थोडक्यांत वाचकांपुढें मांडण्याचा आमचा विचार आहे.

एकोणिसावें शतक संपत आलें तेव्हां युरोपांतील श्रीमंत राष्ट्रांतहि अर्भकांचे मृत्यू भयंकर होते. इंग्लंड व वेल्स या प्रदेशांत १८९९ सालीं दर हजार जन्मांमागें १६३ अर्भकें वर्षाचीं होण्यापूर्वींच दगावलीं. उन्हाळा आला कीं शहरांतून अतिसाराची सांथ सुरू होई, आणि तिचा पहिला घाला बाटलीच्या दुधावर वाढणाऱ्या मुलांवर पडे. दूध दुरून येई, वाटेंत नासे, त्यांत पाणी मिसळलेलें असे. आणि ज्या बाटलींतून तें पाजावयाचें, तिची लांबलचक रबरी नळी स्वच्छ धुणें जवळजवळ अशक्य असे.

या संकटावर पहिला संघटित उपाय फ्रान्सनें योजिला. १८७०-७१ च्या युद्धांत जर्मनांकडून झालेला पराभव फ्रेंच लोक विसरले नव्हते, आणि आपली लोकसंख्या वाढत नाहीं ही तेथील मुत्सद्द्यांची मोठी विवंचना होती. त्यामुळें अर्भकें वांचविणें हें केवळ दयेचें काम न राहतां राष्ट्ररक्षणाचें काम ठरलें. १८९२ सालीं पॅरिसच्या शारिते रुग्णालयांत डॉ. प्येर ब्युदें यांनी बाळंतिणींना घरीं गेल्यावरहि मुलांसह परत बोलावून मुलांचीं वजनें पाहण्याची व अंगावर पाजण्याविषयीं उपदेश करण्याची प्रथा घातली. १८९४ सालीं नॉर्मंडींतील फेकाँ या बंदराच्या गांवीं डॉ. लेओं द्युफूर यांनी 'दुधाचा थेंब' या नांवाचें केंद्र उघडलें. तेथें शुद्ध केलेलें दूध मापून भरलेल्या बाटल्यांतून मिळे. द्युफूर यांनी आपल्या संस्थेसाठीं जें ब्रीदवाक्य निवडलें त्याचा आशय, 'याहून बरें कांहीं नाहीं म्हणून', असा होता. बाटली हा दुय्यम पर्याय आहे, ही गोष्ट बाटली देणाराच प्रामाणिकपणें सांगत होता. परंतु संस्था पसरतात तेव्हां त्यांचीं ब्रीदवाक्यें मागें राहतात. १८९९ सालीं इंग्लंडांतील सेंट हेलेन्स येथील नगरपालिकेनें फ्रेंच धर्तीवर दुधाचें केंद्र काढलें, पाठोपाठ इतर शहरांनींहि काढलीं; सार्वजनिक मदत म्हणजे मुलासाठीं बाटली, हें समीकरण रूढ होऊं लागलें.

वास्तविक खरें उत्तर त्यापूर्वींच दोनदां दिसून गेलें होतें. अमेरिकेंतील यादवी युद्धामुळें १८६१ नंतर लँकाशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेनासा झाला, बायका बेकार होऊन घरीं बसल्या, घरांत अन्नान्नदशा झाली; तरीहि अर्भकांचे मृत्यू कमी झाले असें त्या काळच्या वैद्यांनी नमूद केलें. पॅरिसला जर्मनांचा वेढा पडला त्या वेळेविषयींहि असेंच लिहिलें गेलें. शहरांत गाईचें दूध राहिलें नाहीं, म्हणून आयांनी मुलांना अंगावर पाजलें, आणि भोंवतीं मोठीं माणसें मरत असतां तान्हीं मुलें मात्र तगलीं. डॉ. जॉर्ज न्यूमन यांनी अर्भकमृत्यूंवर १९०६ सालीं जो इंग्रजी ग्रंथ लिहिला त्यांत या दाखल्यांची चर्चा आहे.

या अनुभवाचा अर्थ ज्यांनी अचूक ओळखला ते कोणी मंत्री नव्हते. पॅरिसमध्यें कुले नांवाच्या एका दांपत्यानें १९०४ सालीं पाजणाऱ्या आयांसाठीं मोफत भोजनगृह उघडलें. तेथें नांव, धर्म, विवाहाचा दाखला, गरिबीचा पुरावा, यांपैकीं कांहीं विचारीत नसत. बाई मुलाला अंगावर पाजते एवढें दिसलें कीं तिच्यापुढें ताट येई. ही कल्पना लौकरच समुद्र ओलांडून लंडनला गेली, आणि तेथील मातृशाळांतून गरोदर व पाजणाऱ्या बायकांना दुपारचें जेवण मिळूं लागलें.

सरकार मात्र मागेंच होतें. बोअर युद्धाच्या वेळीं सैन्यांत भरती होण्यास आलेले असंख्य तरुण शरीरानें नालायक ठरले, त्याची चौकशी करणाऱ्या समितीचा अहवाल १९०४ सालीं प्रसिद्ध झाला. १९०६ च्या कायद्यानें शाळेंतील मुलांना जेवण देण्याची मुभा मिळाली. पण मूल शाळेंत येईतों त्याच्या हाडांची घडण बरीचशी होऊन गेलेली असते, आणि ज्या बाईच्या रक्तांतून ती घडण होते तिचें नांव या कायद्यांत नव्हतें. १९१५ सालीं इंग्लंडांतील सहकारी चळवळींतल्या स्त्रियांच्या संघानें कामकरी मातांचीं पत्रें पुस्तकरूपानें छापलीं. त्यांतून एकच कहाणी पुनःपुन्हां डोकावते: नवऱ्याला कामावर जावयाचें म्हणून आधीं तो जेवतो, मग मुलें जेवतात, आणि उरलें तर बाई. ही कहाणी महाराष्ट्रांतील वाचकाला अनुवादावांचून कळेल.

१९१८ सालीं माता व बालकें यांच्या कल्याणाचा कायदा ब्रिटिश पार्लमेंटनें केला. त्यानें स्थानिक संस्थांना गरोदर व पाजणाऱ्या माता आणि पांच वर्षांखालील मुलें यांच्यासाठीं व्यवस्था करण्याचा अधिकार दिला. परंतु अधिकार दिला, सक्ती केली नाहीं. संस्था मदत 'देऊं शकतील' असें म्हटलें, 'त्यांनी दिलीच पाहिजे' असें म्हटलें नाहीं. परिणामीं एका गांवीं दूध मिळे, शेजारच्या गांवीं मिळत नसे. आणि मंदीच्या काळांत, म्हणजे जेव्हां गरज सर्वांत अधिक तेव्हां, नगरपालिकांची तिजोरीहि रिकामी असे.

हा 'शकतील' पुसला गेला तो दुसऱ्या महायुद्धांत. जून १९४० मध्यें फ्रान्स पडला. ब्रिटन एकटा उरला. धान्याचीं जहाजें समुद्रांत बुडत होतीं. अशा वेळीं, जुलै १९४० मध्यें, तेथील सरकारनें गरोदर व पाजणाऱ्या माता आणि पांच वर्षांखालील मुलें यांना रोज एक पिंट, म्हणजे सुमारें अर्धा लिटरहून थोडें अधिक, दूध दोन पेनींस आणि फार गरिबांना फुकट देण्याचें ठरविलें. अन्नमंत्री लॉर्ड वुल्टन व त्यांचे शास्त्रीय सल्लागार जॅक ड्रमंड यांनी पुढें कॉड माशाचें तेल व संत्र्याचा रसहि या सोयींत आणला. गरोदर स्त्रीला तिच्या स्वतःच्या शिधापत्रिकेशिवाय दुसरी हिरवी शिधापत्रिका मिळे; न जन्मलेल्या नागरिकाचा हिस्सा आधींच त्याच्या आईच्या हातीं पडे. १९४१ सालीं अर्भकमृत्यूंचें प्रमाण हजारीं ६० होतें, तें १९४५ मध्यें ४६ वर आलें. याचें सर्व श्रेय दुधाला देणें बरोबर होणार नाहीं. त्या काळांत रोजगार वाढला होता व शिधावाटपानें अन्नाची वांटणीहि सारखी झाली होती. पण ज्या राष्ट्राजवळ अन्न कमी होतें त्यानें आईचा वांटा आधीं काढून ठेवला, ही गोष्ट विसरण्याजोगी नाहीं.

अमेरिकेची कथा याच्या उलट, विपुलतेंतील पेंचाची आहे. दवाखान्यांत येणाऱ्या गरीब गरोदर बायकांचें दुखणें औषधानें नव्हे तर अन्नानें जाणारें आहे, हें तेथील डॉक्टरांना १९६० नंतरच्या दशकांत दिसलें. सिनेटर ह्यूबर्ट हम्फ्री यांच्या खटपटीनें १९७२ सालीं माता, अर्भकें व बालकें यांच्यासाठीं पूरक आहाराची योजना प्रयोगादाखल मंजूर झाली. जानेवारी १९७४ मध्यें केंटकी राज्यांतील पाइनव्हिल येथें तिचें पहिलें केंद्र उघडलें, आणि १९७५ सालीं ती कायम झाली. दूध, अंडीं, चीज, फळांचा रस अशा ठरलेल्या वस्तूंच्या चिठ्ठ्या मिळत, आणि बाटलीवरच्या मुलांना डब्याचें दूध मिळे. या डब्यांचा खर्च वाढला तेव्हां सरकारनें कारखानदारांकडून सूट घेण्यास सुरुवात केली, व १९८९ च्या कायद्यानें असे स्पर्धेचे करार सर्वत्र आवश्यक केले. हिशेबाच्या दृष्टीनें हें शहाणपणाचें होतें, आणि त्या पैशांत अधिक कुटुंबें सामावलीं. पण एक विचित्र स्थिति उत्पन्न झाली. ज्या आईला बाटली हवी तिला महागडे डबे, आणि जी स्वतःचें दूध देते तिला त्या मानानें थोडक्या किमतीच्या जिनसा! डब्याच्या दुधाची जाहिरात कारखाना करतो. आईच्या दुधाची जाहिरात कोण करणार? ही चूक ध्यानांत आल्यावर १९९२ सालीं केवळ अंगावर पाजणाऱ्या आईचा आहार वाढविण्यांत आला, आणि २००९ पासून फळें व भाज्या देऊन हा भेद आणखी कमी केला गेला. दूध न येणाऱ्या किंवा लगेच कामावर जावें लागणाऱ्या आईला दोष देण्याचा येथें मुळींच हेतु नाहीं. तिच्या मुलासाठीं बाटली हवीच. मुद्दा एवढाच कीं, फेकाँच्या डॉक्टरांचें तें ब्रीदवाक्य अमेरिकेला शंभर वर्षांनी पुन्हां शोधावें लागलें.

आतां आपल्याकडे पाहूं. २ ऑक्टोबर १९७५ रोजीं ३३ ठिकाणीं आपली एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली. तिनें आरंभापासूनच मुलांबरोबर गरोदर व स्तनदा मातांना पूरक आहारांत घेतलें, हें तिचें मोठेपण. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यानें तर 'शकतील'ची वाटच बंद केली: गरोदरपणांत व बाळंतपणानंतर सहा महिनेपर्यंत अंगणवाडींतून मोफत आहार हा आईचा हक्क ठरला, आणि त्यांत ६०० उष्मांक व १८ ते २० ग्रॅम प्रथिनें असावीं असें माप घालून दिलें.

तरीहि एक छिद्र राहतें. घरीं नेलेला शिधा हा घरचा शिधा होतो. तो पातेल्यांत शिजला कीं जुनाच क्रम सुरू होतो: आधीं पुरुष, मग मुलें, शेवटीं ती. महाराष्ट्रानें २०१५ सालीं आदिवासी भागांत जी अमृत आहार योजना काढली तिचें मर्म येथें आहे. गरोदरपणांत व बाळंतपणानंतर रोज एक वेळचें पूर्ण, ताजें जेवण बाईला देण्याची ही योजना आहे. समोर वाढलेलें ताट वांटलें जात नाहीं. पॅरिसच्या त्या भोजनगृहाचीच ही दूरची धाकटी बहीण होय.

शेवटीं एक घरचीच गोष्ट सांगतों. गेल्या वर्षीं आमची कन्या पहिल्या बाळंतपणासाठीं माहेरीं आली होती. त्याच सुमारास आमच्याकडे भांडीं घासावयास येणारी बाई दोन महिन्यांचें मूल सासूजवळ ठेवून कामावर हजर झाली. सकाळीं काय खाल्लेंस, असें आमच्या पत्नीनें विचारलें तेव्हां 'चहा' एवढेंच उत्तर मिळालें. ज्या कढईंत आमच्या मुलीच्या लाडवांचा डिंक तळला होता ती कढई त्या दिवशीं तिनेंच घासली. दुसऱ्या दिवसापासून तिचें ताट आमच्या घरीं होऊं लागलें. परंतु त्यांत आम्ही कांहीं फार केलें असें नव्हे. सहा आठवड्यांनीं तिनें बिऱ्हाड बदललें, आणि नव्या घरीं तिला कोणी विचारलें कीं नाहीं, हें आम्हांस कळलें नाहीं. आजी जाते, शेजारीण गांव सोडते, मालकीण बदलते. कायदा तेवढा जागेवर राहतो. मात्र त्यांतील ताट खरोखर आईपुढें पडलें पाहिजे.