बदलीच्या गावची घरशाळा

बदलीचा हुकूम हाती पडला की घरात पहिली चर्चा होते ती सामानाची, आणि दुसरी मुलांच्या शिक्षणाची. सामानाची व्यवस्था चार दिवसांत लागते. मुलांच्या शिक्षणाची मात्र वर्षानुवर्षे लागत नाही, हा परप्रांती नोकरी करणाऱ्या आम्हां मराठी मंडळींचा नित्याचा अनुभव आहे. 1963 साली केंद्रीय विद्यालये निघाली ती मुख्यतः ह्याच अडचणीवर उपाय म्हणून, आणि त्यांनी ती पुष्कळ अंशी दूर केली हेही खरे. तथापि मराठी लिहिणे-वाचणे शेवटी घरीच शिकवावे लागते. ते कोणत्या रीतीने शिकवावे ह्या विवंचनेत असताना एकोणिसाव्या शतकातील तीन घरे आम्हांस वारंवार आठवू लागली. घरी शिकविण्याचा हट्ट तिन्ही घरांनी धरला, पण प्रत्येकाची तऱ्हा निराळी होती.

पहिले घर अनंतशास्त्री डोंगरे ह्यांचे. दुसऱ्या बाजीरावाच्या पत्नीस आपले गुरू संस्कृत शिकवितात हे शास्त्रीबुवांनी तरुणपणी पुण्यात पाहिले आणि आपणही पत्नीस शिकवावे असे त्यांच्या मनाने घेतले. त्यापायी स्वजनांचा रोष ओढवला, तेव्हा ते लक्ष्मीबाईंस घेऊन सह्याद्रीतील गंगामूळच्या अरण्यात जाऊन राहिले. तेथे 1858 साली रमा जन्मली. पुढे पंडिता रमाबाई म्हणून ज्यांचा लौकिक झाला त्या ह्याच. मुलगी शिकण्याजोगी होईपर्यंत शास्त्रीबुवा वृद्ध झाले होते, म्हणून शिकविण्याचे काम आईकडे आले. घर तरी कोठे होते? सारे कुटुंब तीर्थाटनात. आईला घरकामातून सवड होई ती पहाटेचीच. झोपेतल्या मुलीला ती लाडीगोडीने उठवी आणि उजाडण्यापूर्वी पाठ देई. भागवताचे सहस्रावधी श्लोक रमेने असे चालता-फिरता मुखोद्गत केले. ह्या शिक्षणात माया होती आणि विद्या अस्सल होती. परंतु दुष्काळात 1874 साली आईबाप गेले, तेव्हा पोट भरण्याची कोणतीही कला ह्या मुलांच्या हाती नव्हती. रमाबाईंनी स्वतः ही उणीव पुढे स्पष्टपणे लिहून ठेवली आहे. 1878 साली कलकत्त्याच्या पंडितांनी ज्या विद्येला 'सरस्वती' म्हणून गौरविले, तिच्यावर त्यापूर्वीची चार वर्षे एक वेळचे जेवणही भरवशाने मिळत नव्हते.

दुसरे घर आमच्यासारख्या चाकरमान्याचे, म्हणून त्याची हकीकत आम्हांस अधिक बोचते. गोपाळराव जोशी हे टपालखात्यातील कारकून. कल्याणची यमुना 1874 साली नवव्या वर्षी त्यांची पत्नी होऊन आनंदी झाली. तिला शिकविता यावे म्हणून नातलगांपासून दूरची बदली गोपाळरावांनी आनंदाने पत्करली. अलिबाग, कोल्हापूर, मुंबई, भूज, कलकत्ता, श्रीरामपूर अशी ती फरफट आहे. बदली म्हटली की आपण कपाळाला हात लावतो. ह्या गृहस्थाने तिचेच साधन केले. मात्र त्याची शिकविण्याची रीत भयंकर होती. बायको पुस्तक टाकून चुलीपाशी दिसली तर तो तिला मारी. चौदाव्या वर्षी झालेले मूल दहा दिवसांत गेले, तरी अभ्यास सुटला नाही. कलकत्त्याच्या रस्त्याने नवऱ्याबरोबर चालताना लोक हसत व टोमणे मारीत, ते निराळेच. 1883 साली ती एकटी अमेरिकेस गेली, 1886 साली फिलाडेल्फियात डॉक्टर झाली आणि 1887 च्या फेब्रुवारीत पुण्यास वारली. वय अवघे एकवीस. अमेरिकेतून नवऱ्यास लिहिलेल्या पत्रांत लहानपणीच्या त्या माराचा जाब तिने विचारला आहे, आणि त्याचबरोबर आपण जे झालो ते त्याच्यामुळे, हेही ती मान्य करते. गोपाळराव नसते तर आनंदीबाई झाल्या नसत्या, असे म्हणण्याचा प्रघात आहे. आम्हांस तो अर्धाच पटतो. मूळची जिद्द मुलीची होती; एरवी तशा शिक्षकापुढे दहातली नऊ मुले पुस्तकाला कायमची अंतरली असती.

तिसऱ्या घराविषयी फारसे लिहिण्याची गरज नाही, कारण रमाबाई रानड्यांच्या आठवणी 1910 सालापासून मराठी वाचकांच्या परिचयाच्या आहेत. 1873 साली लग्न होऊन आलेल्या अकरा वर्षांच्या मुलीला माधवरावांनी अक्षर-ओळखीपासून शिकविण्यास आरंभ केला. पण पुण्याचे घर माणसांनी भरलेले. दिवसभर घरातल्या बायकांची बोलणी खावीत आणि रात्री माडीवर वाचावे, असा क्रम होता. माधवराव घरातल्यांशी भांडले नाहीत की पत्नीवर ओरडले नाहीत. ह्या मौनाचा सारा भार त्या पोरीवर पडला, हे त्यांच्या भक्तांनीही कबूल केले पाहिजे. 1878 साली नाशिकला बदली झाली, संसार स्वतंत्र झाला, तेव्हा कोठे हे वाचन दिवसाच्या उजेडात आले.

ही घरे आठवण्यास कारण आमच्याच घरात घडले. उत्तरेकडील एका गावी असताना मुलीचे मराठी सुधारावे म्हणून आम्ही भिंतीवर वेळापत्रक लावले होते: संध्याकाळी सात ते आठ, शुद्धलेखन. कचेरीतला सगळा शीण आम्ही त्या तासात तिच्यावर काढीत असू. एके दिवशी मराठीचे पुस्तक सापडेना. पुष्कळ शोधाशोध केल्यावर ते तांदळाच्या डब्यामागे निघाले. मुलगी दाराशी उभी राहून आमच्या तोंडाकडे पाहत होती. आम्ही हात उगारला नव्हता, पण तिने तो उगारला जाईल असे गृहीत धरले होते. त्या रात्री आनंदीबाईंचे चरित्र आम्ही पुन्हा काढले, आणि सकाळी वेळापत्रक भिंतीवरून उतरविले.

पुढे दोन-तीन महिने मराठीचे नावही काढले नाही. मग साताऱ्याहून तिच्या आजीचे पत्र आले. सांधेदुखीची तक्रार, शेजारच्या म्हशीला रेडकू झाल्याची बातमी, आणि शेवटी 'हे पत्र माझ्या नातीने स्वतः वाचावे' अशी तंबी. ते तिने दोन दिवस लावून वाचले आणि उत्तर लिहावयास बसली. 'ळ' तिच्या हाती येत नव्हता. सगळीकडे 'ल'च पडत होता. आम्ही पलीकडे वर्तमानपत्र वाचीत बसलो होतो. अर्ध्या तासाने तिने मान वर करून विचारले, "बाबा, रेडकू काळे म्हणजे कोणते ल?"

आम्ही खुर्ची तिच्याजवळ ओढून घेतली.