अंगठ्याचा ठसा आणि खाजगीपणा: टेंभली ते घटनापीठ

जळगावला लागूनच असोदे आहे; सरकारी कागदावर असोदा. १८८० साली नागपंचमीच्या दिवशी तेथील महाजनांच्या घरी एक मुलगी जन्मली. तीच पुढे बहिणाबाई चौधरी म्हणून महाराष्ट्राला ठाऊक झाली. तिला लिहिता-वाचता येत नव्हते. जन्मदिवस सणावरून लक्षात राहिला. इंग्रजी तारीख मागाहून लावली गेली आणि आजही ती सर्वत्र एकसारखी दिली जात नाही. असोद्यात किंवा जळगावात यामुळे कोणाचे काही अडले नाही. ती कोणाची लेक, कोणाची सून, हे सांगायला सारा गाव होता.

खानदेशातील बहुतेक माणसांची ओळख शतकानुशतके अशीच गावाच्या तोंडी होती. ती हरवत नसे आणि चोरीलाही जात नसे. मात्र गावाची शीव ओलांडली की तिचे मोल संपे. ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर गेलेल्या मजुराला परक्या तालुक्यात ‘तू कोण?’ असे विचारले, तर दाखवायला त्याच्याजवळ काही नसे. रेशनकार्ड नाही, बँकेत खाते नाही, जन्मदाखला नाही. भारतातील माहिती-गोपनीयतेचा सर्वांत मोठा वाद या उणिवेतून जन्मला, आणि त्याचा पहिला अंकही खानदेशातच घडला.

२९ सप्टेंबर २०१०. नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली हे आदिवासी गाव. (१ जुलै १९९८ पर्यंत हा सारा मुलूख धुळे जिल्ह्यातच होता.) पंतप्रधान मनमोहन सिंग आणि सोनिया गांधी यांच्या उपस्थितीत देशातील पहिले आधार क्रमांक येथील रहिवाशांना देण्यात आले. पहिला क्रमांक गावातील एका स्त्रीला मिळाला. बारा अंक, आणि त्यांच्यामागे दहा बोटांचे ठसे, दोन्ही बुबुळांची प्रतिमा व छायाचित्र. जन्मतारीख ठाऊक नसलेल्यांचीही नोंद होई. केवळ साल सांगता येणाऱ्या असंख्य भारतीयांचा वाढदिवस त्यामुळे कागदोपत्री १ जानेवारीला येऊन बसला.

बोटाच्या ठशाचा सरकारी इतिहास मात्र टेंभलीहून बराच जुना आहे, आणि तो फारसा सुखावह नाही. १८५८ साली बंगालमध्ये विल्यम हर्शेल या इंग्रज अधिकाऱ्याने एका कंत्राटदाराच्या करारावर सहीसोबत त्याच्या पंजाचा ठसा घेतला. १८९७ मध्ये कलकत्त्यात ठशांचे कार्यालय उभे राहिले. अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोन भारतीयांनी तेथे वर्गीकरणाची पद्धत घडवण्यात मोठा वाटा उचलला. जगभर ती ओळखली जाते ती त्यांच्या साहेबाच्या, एडवर्ड हेन्रीच्या नावाने. पुढे १९११च्या गुन्हेगार जमाती कायद्याने नोंद झालेल्या जमातींच्या माणसांचे ठसे घेण्याचा अधिकार सरकारला दिला. गुन्हा केलेला असो वा नसो, त्या जमातीत जन्म घेतला एवढे पुरेसे होते. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. ज्या समाजांनी ‘अंगठा दे’ हा हुकूम पोलीस चौकीत ऐकला होता, त्यांनाच साठ वर्षांनी तो रेशन दुकानात ऐकू आला. हेतू वेगळा होता, हे खरे. पण ठसा घेणारा हेतू बदलू शकतो, आणि ठसा देणाऱ्याला बोट बदलता येत नाही. गोपनीयतेच्या कायद्याची गरज पडते ती नेमकी याच जागी.

असा कायदा २०१० मध्ये नव्हता. आधारचे प्राधिकरण जानेवारी २००९ च्या एका प्रशासकीय अधिसूचनेवर उभे होते. डिसेंबर २०१० मध्ये विधेयक संसदेत आले. वर्षभराने यशवंत सिन्हा यांच्या अध्यक्षतेखालील स्थायी समितीने ते नाकारले. नोंदणी थांबली नाही. अखेर मार्च २०१६ मध्ये आधार कायदा मंजूर झाला, तोही धन विधेयक म्हणून, आणि पुढच्याच महिन्यात शंभर कोटींचा टप्पा ओलांडला गेला. आधी धान्य भरले आणि मग कणगी विणली, असा हा प्रकार होता.

या कायद्याविनाच्या काळातले गोव्यातील एक प्रकरण इतिहासाच्या विद्यार्थ्याने अवश्य पाहावे. जानेवारी २०१३ मध्ये वास्को येथे शाळेत एका लहान मुलीवर अत्याचार झाला. तपास सीबीआयकडे गेला. घटनास्थळी बोटांचे ठसे मिळाले होते. गोव्यात आधार घेतलेल्या सर्वांच्या नोंदींशी ते ताडून पाहावेत, अशी सीबीआयची मागणी होती. स्थानिक न्यायालयाने ती मान्य केली आणि प्रकरण मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठापर्यंत गेले. मागणी ऐकणाऱ्या कोणालाही ती रास्त वाटावी, इतका गुन्हा भयंकर होता. तरीही प्राधिकरणाने विरोध केला. माहिती घेतली कल्याणकारी योजनांसाठी. ती तपासयंत्रणेला दिली तर प्रत्येक नोंदणीकृत नागरिक न कळत संशयितांच्या रांगेत उभा राहील. शिवाय एवढ्या अफाट साठ्यात एक अर्धवट ठसा शोधायला गेले तर खोट्या जुळण्या निघतील आणि निरपराध माणसे अडकतील. २४ मार्च २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने उच्च न्यायालयाच्या आदेशाला स्थगिती दिली आणि संबंधित व्यक्तीच्या लेखी संमतीशिवाय तिची जैविक माहिती कोणत्याही यंत्रणेला देऊ नये असे बजावले. ज्या संस्थेविरुद्ध गोपनीयतेचे खटले चालू होते, तीच संस्था येथे गोपनीयतेची वकील झाली होती, ही या इतिहासातील मोठी गंमत!

आता कुलपाचा विचार. आधारची नोंदणी करणारे यंत्र ठसे घेताक्षणी ते कूटबद्ध करते, म्हणजेच एन्क्रिप्ट करते. यासाठी जोडकिल्लीची पद्धत वापरली जाते. एका किल्लीने पेटी फक्त बंद होते. ती किल्ली हजारो केंद्रांवर असली तरी बिघडत नाही. उघडणारी दुसरी किल्ली एकट्या प्राधिकरणाजवळ राहते. या किल्लीची लांबी २०४८ बिट. मार्च २०१८ मध्ये महान्यायवादी के. के. वेणुगोपाल यांनी सर्वोच्च न्यायालयात सांगितले, की ही माहिती तेरा फूट उंच आणि पाच फूट जाड भिंतींच्या आड सुरक्षित आहे. या भिंतींवरून तेव्हा बरीच थट्टा झाली. कुलूप मात्र खरोखर भक्कम होते. ते कोणी फोडल्याचे सिद्ध झालेले नाही.

गळती दुसरीकडूनच होत होती. २०१७ मध्ये प्राधिकरणानेच माहितीच्या अधिकारात मान्य केले, की केंद्र व राज्य सरकारांच्या सुमारे २१० संकेतस्थळांवर लाभार्थ्यांची नावे, पत्ते आणि आधार क्रमांक उघड्यावर पडले होते. जानेवारी २०१८ मध्ये ‘द ट्रिब्यून’ने बातमी दिली, की अवघ्या ५०० रुपयांत नागरिकांची नावे-पत्ते पाहण्याची सोय मध्यस्थ करून देत आहेत. जैविक माहिती सुरक्षित असल्याचे प्राधिकरणाने ठासून सांगितले आणि काही दिवसांतच खऱ्या क्रमांकाऐवजी देता येईल असा सोळा अंकी आभासी क्रमांक जाहीर केला. वाड्याचा दिंडी दरवाजा मजबूत होता, पण मागच्या दाराच्या किल्ल्या गड्यांच्या कमरेला लटकत होत्या. कूटलेखन चोराला अडवते. ज्याला आत येण्याची परवानगीच दिलेली आहे, त्याला ते अडवत नाही. परवानगी कोणाला, किती, कशासाठी आणि किती काळ, हा प्रश्न गणिताचा नाही, कायद्याचा आहे.

तो प्रश्न न्यायालयात नेला होता कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी यांनी, २०१२ मध्ये. सुनावणीत सरकारने मुळावरच घाव घातला: खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहेच कुठे? आधार होता दोन जुन्या निकालांचा, १९५४ आणि १९६२ चा. त्यांतील दुसरा खरक सिंग यांचा. दरोड्याच्या आरोपातून पुराव्याअभावी सुटलेल्या या माणसाला उत्तर प्रदेशचे पोलीस अपरात्री दार वाजवून उठवत असत. त्या रात्रीच्या भेटी न्यायालयाने बेकायदा ठरवल्या, पण खाजगीपणाचा हक्क राज्यघटनेत नाही असेही म्हटले. न्या. सुब्बाराव यांनी तेव्हाच वेगळे मत नोंदवले होते.

सरकारचा आणखी एक युक्तिवाद होता, आणि टेंभलीच्या संदर्भात तोच सर्वांत महत्त्वाचा: गरिबाला आधी अन्न हवे, खाजगीपणा ही सुखवस्तूंची चैन आहे. २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने एकमताने खाजगीपणाला मूलभूत हक्क ठरवले, आणि न्या. धनंजय चंद्रचूड यांच्या निकालपत्राने हा युक्तिवाद स्पष्ट शब्दांत फेटाळला. (आणीबाणीतील ज्या निकालात त्यांचे वडील न्या. यशवंत चंद्रचूड बहुमताच्या बाजूने होते, तो निकालही मुलाने याच दिवशी मोडीत काढला.) सुखवस्तू माणूस ठसा देण्याचे टाळू शकतो, रेशनच्या रांगेतील बाईला तो टाळता येत नाही. म्हणून हा हक्क जास्त कोणाला लागतो, हे उघड आहे.

वर्षभराने, २६ सप्टेंबर २०१८ रोजी, पाच न्यायमूर्तींनी चार विरुद्ध एक मतांनी आधार कायदा टिकवला. विरोधी मत चंद्रचूडांचेच. पण कायद्याच्या बऱ्याच फांद्या छाटल्या गेल्या. खाजगी कंपन्यांना आधार मागण्याची मुभा देणारा भाग रद्द झाला. बँक खाते, सिमकार्ड आणि शाळाप्रवेश यांसाठीची सक्ती गेली. कोणी कोठे केव्हा अंगठा लावला याच्या नोंदी पाच वर्षे ठेवता येत होत्या. ती मुदत सहा महिन्यांवर आली. अनुदानासाठीची सक्ती मात्र कायम राहिली. म्हणजे शहरातल्या मोबाईलधारकाची सुटका झाली आणि रेशनच्या रांगेतला अंगठा होता तेथेच राहिला. कष्टाने झिजलेल्या बोटांचा ठसा यंत्र ओळखत नाही, ही तक्रार देशभरातून त्यानंतरही येत राहिली. टेंभलीलाही पत्रकार पुनःपुन्हा जाऊन आले. हातात कार्ड आहे, पण हाल फारसे पालटलेले नाहीत, असेच त्यांनी बहुतेक वेळा लिहिले.

न्या. बी. एन. श्रीकृष्ण यांच्या समितीने जुलै २०१८ मध्ये माहिती-संरक्षणाच्या कायद्याचा मसुदा दिला. प्रत्यक्ष कायदा ऑगस्ट २०२३ मध्ये झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले. टेंभलीतील त्या कार्यक्रमानंतर पंधरा वर्षांनी. माहितीची गळती रोखण्यासाठी सुरक्षेची वाजवी काळजी न घेणाऱ्या कंपनीला या कायद्यात २५० कोटी रुपयांपर्यंत दंड आहे. त्याच कायद्याच्या सतराव्या कलमानुसार देशाची सुरक्षा किंवा सार्वजनिक सुव्यवस्था अशा कारणांसाठी केंद्र सरकार आपल्या कोणत्याही यंत्रणेला त्यातून सूट देऊ शकते.