छावणीचे दिवस

मराठ्यांच्या इतिहासांतील स्वाऱ्या आमच्या मुलांस मुखोद्गत असतात. पण तेच शिपाई पावसाळ्यांत काय करीत, हें कोणी विचारीत नाहीं. राजारामाच्या कारकीर्दींत लिहिणारा कृष्णाजी अनंत सभासद सांगतो कीं, पावसाळ्यास लष्करानें आपल्या देशीं छावणीस यावें, तेथें दाणा, औषधें व गवतानें शाकारलेलीं घरें तयार असावीं, आणि दसरा होतांच कूच करावें. लष्करांत बायको बाळगण्यास सक्त मनाई होती. तेव्हां ज्यांचें घर जवळ, त्यांस मुलाबाळांचें तोंड दिसावयाचें तें बहुधा याच दिवसांत.

हा विसांवा मात्र रयतेच्या जिवावर होऊं नये, याची चिंता शिवाजीमहाराजांस किती होती, तें त्यांनीं १६७४ च्या सुमारास चिपळूणकडील छावणीच्या अंमलदारांस धाडलेल्या पत्रांत दिसतें. सांठविलेली वैरण आतांच उधळलीत तर ऐन पावसांत घोडीं मरतील. मग तुम्ही कुणब्यांच्या घरचें धान्य, भाजी, लांकूडफांटा ओढूं लागाल, आणि मोगलांहून तुम्हीच वाईट असें रयत म्हणेल! चार सोबती जमले कीं तमाकूसाठीं विस्तव आलाच. तोहि जपून न्यावा. रात्रीं दिवा जळत ठेवूं नये, कारण उंदीर पेटती वात ओढून नेईल. राज्यकारभाराच्या धामधुमींत उंदराची आठवण ठेवणारा हा राजा आम्हांस चित्रांतील खड्गधारी मूर्तीहून अधिक जवळचा वाटतो. खण व गंजी एकदां जळाल्या, कीं मग कुणब्यांच्या माना मारल्या तरी खण करावयास लांकूड मिळावयाचें नाहीं, असेंहि त्यानें स्पष्ट बजाविलें आहे.