पिचर, पावसाच्या व्यत्ययानंतरचा

बेसबॉलमध्ये पावसाने खेळ थांबल्यानंतर सुरुवातीचाच पिचर पुढे ठेवायचा की बदली आणायचा, हा व्यवस्थापकाचा निर्णय. याला नियमाचे बंधन नाही. मात्र खंड तासाच्या घरात गेला, की बहुधा पिचर बदलतात. थंड पडलेला खांदा आखडतो. शिवाय अंग पुन्हा गरम करण्यासाठी टाकलेले चेंडूही हातावरच्या भारात धरावे लागतात, हे उत्साही व्यवस्थापक सोयीस्करपणे विसरतात. खंड छोटा असल्यास आडोशाला अधूनमधून चेंडू टाकून हात सैल ठेवतात. विजय नावावर लागायला सुरुवातीच्या पिचरला सहसा 5 इनिंग टाकाव्या लागतात. त्यामुळे चौथीत पाऊस आला, तर तो सहजासहजी चेंडू सोडत नाही.

2008 च्या वर्ल्ड सिरीजचा पाचवा सामना 27 ऑक्टोबरला सहाव्या इनिंगमध्ये पावसाने 2–2 असा थांबला, तो 29 ला पुढे सुरू झाला. फलंदाजीची पाळी फिलाडेल्फियाचा पिचर कोल हॅमल्सची होती. संघाने त्याच्या जागी जेफ जेंकिन्सला पाठवले. त्याने डबल मारला, पुढे धावही केली. संघ 4–3 ने जिंकला.

क्रिकेटमध्ये थांबवलेला गोलंदाज पुन्हा आणता येतो. बेसबॉलमध्ये बदललेला खेळाडू त्या सामन्यात परतत नाही.