वॅगन म्हणजे नेमकी कोणती गाडी? आर.एस., एम, ए.एम.जी. या नावांचा अर्थ काय? जाणून घ्या सविस्तर

वॅगन म्हटलं की आपल्या डोळ्यापुढं दोनच गोष्टी येतात. एक रेल्वेची मालाची वॅगन आणि दुसरी मारुतीची वॅगन आर. पण वॅगन आर ही खरी वॅगन नव्हेच. ती उंच छपराची छोटी गाडी आहे. जगात ज्याला वॅगन म्हणतात तो प्रकार वेगळा आहे, आणि त्यातल्या काही गाड्या इतक्या जोरात पळतात की भल्याभल्या स्पोर्ट्स गाड्या मागं पडतात.

हे आपल्याला कशाला पाहिजे, असं कुणी विचारील. कारण साधं आहे. रस्त्यात जमीन गेली, मोबदला आला, की सेकंडहॅन्ड ऑडी, बीएमडब्ल्यू, मर्सिडीज घेण्याची हौस आता खेड्यातही आली आहे. हौसेला मोल नसतं, पण या गाड्यांच्या मागं लिहिलेली अक्षरं वाचता आली नाहीत तर लाखांचा फटका बसतो. म्हणून ही माहिती.

वॅगन कशाला म्हणतात?

साधी सेडान गाडी डोळ्यापुढं आणा. तिचं छप्पर मागच्या काचेजवळ खाली उतरतं आणि मग वेगळी डिक्की सुरू होते. वॅगनमध्ये छप्पर तसंच सरळ मागपर्यंत जातं. मागचा दरवाजा वर उघडतो. डिक्की आणि बसायची जागा एकच असते, मागची सीट पाडली की आत लांबलचक जागा होते. उंची मात्र सेडानएवढीच. जीपसारखी उंच नाही.

नावाचा उगम बैलगाडी-घोडागाडीच्या काळातला आहे. अमेरिकेत रेल्वे स्टेशनवरून माणसं आणि सामान घरी किंवा हॉटेलला नेणारी गाडी ती 'स्टेशन वॅगन'. इंग्लंडमध्ये तिला 'इस्टेट' म्हणतात, कारण मोठ्या जमीनदारांच्या इस्टेटीवर माणसं, कुत्री, सामान वाहायला ती असायची. त्याआधी शिकारीला जाणाऱ्यांची घोडागाडी होती, तिला 'शूटिंग ब्रेक' म्हणत. हे नाव आजही काही महागड्या गाड्यांना देतात. जर्मनीत 'कोम्बी', म्हणजे माणूस आणि माल दोन्ही एकत्र. इटलीत फियाटनं छोट्या ५०० गाडीच्या वॅगनला 'जार्दिनिएरा' नाव दिलं होतं, या शब्दाचा अर्थच माळीण. थोडक्यात, सगळीकडं ही कामाची गाडी होती. आपल्याकडच्या पिकअपची सभ्य बहीण म्हणा.

कंपन्यांनी नावं का बदलली?

अडचण इथंच आली. कामाच्या गाडीचं नाव लावलं तर साहेब लोक जास्त पैसे कसे देणार? म्हणून महागड्या गाड्या बनवणाऱ्या कंपन्यांनी 'वॅगन' हा शब्दच टाळला आणि प्रत्येकीनं आपलं वेगळं नाव काढलं.

ऑडी: 'अवांट'. फ्रेंच भाषेत या शब्दाचा अर्थ आधी, पुढं. १९७७ मध्ये ऑडी १०० गाडीला हे नाव पहिल्यांदा दिलं.

मर्सिडीज: 'टी मॉडेल'. टी म्हणजे टूरिस्टिक आणि ट्रान्सपोर्ट, म्हणजे प्रवास आणि वाहतूक. हीसुद्धा १९७७ मध्येच जगापुढं आली.

बीएमडब्ल्यू: 'टूरिंग'.

व्होल्वो: 'व्ही' अक्षर, म्हणजे अनेक कामांना चालणारी. व्ही ७०, व्ही ९० ही नावं त्यातलीच.

फोक्सवॅगन: 'व्हेरियंट'. स्कोडा: 'कॉम्बी'. जॅग्वार: 'स्पोर्टब्रेक'. पोर्शे: 'स्पोर्ट टुरिस्मो'.

गाडी तीच, पण नाव बदललं की भाव बदलतो. बाजारात साध्या ज्वारीला आणि पॉलिश करून पाकिटात भरलेल्या ज्वारीला वेगळा दर मिळतो, तसंच हे.

बीएमडब्ल्यूची टूरिंग जुगाडातून आली

बीएमडब्ल्यूच्या टूरिंगची गोष्ट ऐकण्यासारखी आहे. माक्स राइसबॉक नावाचा कंपनीतलाच एक माणूस होता. घरात लहान मुलं, सुट्टीत जायचं तर सामान मावेना. त्यानं १९८० च्या दशकात अपघातात खराब झालेली थ्री सिरीज घेतली आणि मित्राच्या गॅरेजमध्ये स्वतःच कापून-जोडून तिची वॅगन केली. कंपनीच्या वरिष्ठांनी ती पाहिली आणि त्यांना इतकी आवडली की तीच पुढं कारखान्यात बनवायचं ठरलं. १९८७ च्या फ्रँकफर्ट मोटार प्रदर्शनात ती लोकांपुढं आली. गरजेतून झालेलं काम कसं टिकतं याचा हा चांगला नमुना आहे.

मग ही वेगवान वॅगन कुठून आली?

याची खरी सुरुवात १९९४ च्या 'ऑडी आर.एस. २ अवांट'पासून धरतात. त्या काळात पोर्शे कंपनी पैशाच्या अडचणीत होती, बाहेरची कामं घेत होती. ऑडीनं आपली ८० नंबरची साधी वॅगन पोर्शेकडं दिली. पोर्शेनं तिचं पाच सिलिंडरचं २.२ लिटरचं टर्बो इंजिन ३१५ हॉर्सपॉवरपर्यंत नेलं, ब्रेक आणि चाकं आपली लावली आणि जुळणी आपल्या कारखान्यात केली. ताशी २६२ किलोमीटर पळणारी वॅगन! सुमारे २,९०० गाड्या बनल्या.

त्याच सुमारास बीएमडब्ल्यूनं एम ५ टूरिंग काढली, फक्त ८९१ नग. नंतर २००७ च्या एम ५ टूरिंगमध्ये तर दहा सिलिंडरचं ५०७ हॉर्सपॉवरचं इंजिन होतं. ऑडीनं २००२ मध्ये ४५० हॉर्सपॉवरची आर.एस. ६ आणली, २००८ मध्ये ती ५८० वर गेली आणि २०१९ ची आर.एस. ६ अवांट ६०० हॉर्सपॉवरची आहे. ती शून्यापासून शंभरचा वेग ३.६ सेकंदांत घेते. मर्सिडीजची ई ६३ एस ६१२ हॉर्सपॉवरची होती. २०२४ ची नवी एम ५ टूरिंग इंजिन आणि बॅटरी मिळून ७२७ हॉर्सपॉवर देते, वजन मात्र अडीच टनांच्या आसपास.

हिशोब करा. ५० हॉर्सपॉवरचा ट्रॅक्टर धरला तर आर.एस. ६ म्हणजे १२ ट्रॅक्टर. अर्थात ट्रॅक्टरचा जोर ओढायला असतो, हिचा पळायला. नांगर लावून उपयोग नाही.

लोकांना यात एवढं काय आवडतं?

पहिली गोष्ट, एका गाडीत दोन कामं. आर.एस. ६ च्या डिक्कीत ५६५ लिटर जागा आहे, म्हणजे २०० लिटरचे पावणेतीन ड्रम. सीट पाडली की १,६८० लिटर, म्हणजे आठ ड्रमच्या वर. घरची माणसं, सामान, कुत्रा सगळं घेऊन निघायचं आणि मोकळ्या रस्त्यावर वाऱ्याशी शर्यत लावायची.

दुसरी गोष्ट, गाडी खाली बसलेली असते. उंच भरलेली उसाची ट्रॉली वळणावर कशी झुकते ते आपण रोज बघतो. वजन जितकं वर, तितका धोका जास्त. एस.यू.व्ही. उंच असते म्हणून वळणावर जास्त डोलते. वॅगनचं वजन सेडानसारखं जमिनीलगत राहतं, त्यामुळं ती रस्ता धरून चालते.

तिसरी गोष्ट, दिखावा कमी. दिसतं तसं नसतं, हाच तिचा रुबाब. बघणाऱ्याला वाटतं कुणीतरी पोराबाळांना घेऊन चाललंय, पण आत इंजिन शर्यतीचं. जर्मनीत काही महामार्गांवर वेगाला मर्यादा नाही, म्हणून हा प्रकार तिथं जास्त फोफावला. तरी जर्मन कंपन्या बहुतेक गाड्यांना आपणहून ताशी २५० चा लगाम लावतात.

आपल्याकडं का चालली नाही?

वॅगन आपल्याला अगदीच नवी नाही. १९९२ मध्ये टाटानं पुण्याहून 'टाटा इस्टेट' काढली होती. पुढं मारुतीची बलेनो अल्टुरा आली, २००४ मध्ये टाटाची इंडिगो मरिना आली. एकही फार टिकली नाही. कारणं उघड आहेत. चार मीटरच्या आतल्या लहान इंजिनाच्या गाडीला आपल्याकडं कर कमी, आणि वॅगन मुळातच लांब. खड्डे आणि स्पीडब्रेकरमुळं लोकांना उंच गाडी पाहिजे. शिवाय मागं लांब छप्पर दिसलं की लोक 'भाड्याची आहे का' विचारतात!

महागड्या वॅगनमध्ये ऑडीनं २०१५ मध्ये ५६० हॉर्सपॉवरची आर.एस. ६ अवांट भारतात विकायला आणली. शोरूम किंमत १ कोटी ३५ लाख रुपये. २०१७ मध्ये व्होल्वोची व्ही ९० क्रॉस कंट्री ६० लाखांना आली. ऑडीच्या बऱ्याच गाड्या आपल्या छत्रपती संभाजीनगरजवळच्या शेंद्र्याला जुळवल्या जातात, मर्सिडीजच्या चाकणला. पण आर.एस. ६ परदेशातून तयार येत होती. अशा महागड्या तयार गाडीवर आयात कर बरीच वर्षं जवळपास किमतीएवढाच होता. म्हणजे एका गाडीत दोन गाड्यांचे पैसे.

अक्षरं कशी वाचायची? इथं नीट लक्ष द्या

वॅगन असो, सेडान असो, नाहीतर एस.यू.व्ही., नियम तोच. प्रत्येक कंपनीत तीन पायऱ्या असतात.

ऑडी: 'एस लाइन' म्हणजे फक्त दिसायला स्पोर्टी, इंजिन साधंच. 'एस ४', 'एस ५' म्हणजे खरी वेगवान. 'आर.एस.' म्हणजे सगळ्यात वरची. आर.एस. हे जर्मन 'रेनस्पोर्ट'चं, म्हणजे शर्यतीच्या खेळाचं, छोटं रूप.

बीएमडब्ल्यू: 'एम स्पोर्ट' म्हणजे बंपर, चाकं, स्टिअरिंग वेगळं, बाकी नेहमीची गाडी. 'एम ३४०आय' अशी एमनंतर तीन आकडे असलेली मधली. 'एम ३', 'एम ५' अशी एकाच आकड्याची म्हणजे पूर्ण एम. एम म्हणजे मोटरस्पोर्ट. कंपनीनं हा विभाग १९७२ मध्ये काढला.

मर्सिडीज: 'ए.एम.जी. लाइन' फक्त सजावट. 'ए.एम.जी. ४३', '५३' मधल्या. '६३' वरची. ए.एम.जी. म्हणजे आउफरेश्ट आणि मेल्शर हे दोन संस्थापक आणि ग्रोसआस्पाख हे आउफरेश्टचं गाव. १९६७ ची कंपनी. गावाचं नाव जगभर गाड्यांच्या मागं फिरतंय, बघा.

आता फसवणूक कुठं होते? एम, आर.एस., ए.एम.जी. असे बिल्ले बाजारात काही शे रुपयांना मिळतात. साध्या डिझेल गाडीला लावले की दलाल चार-पाच लाख जास्त सांगतो.

इसार देण्याआधी एवढं तपासा

१. आर.सी. बुकवर मॉडेलचं नाव, इंजिनाचे सी.सी. आणि इंधन बघा. मागचा बिल्ला आणि आर.सी. जुळली पाहिजे. एमपरिवहन ॲपवर गाडी नंबर टाकूनही बघता येतं.

२. चॅसी नंबर गाडीवर आणि कागदावर एकच आहे का ते स्वतः वाचा. तो कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरला द्या, ते मूळ मॉडेल सांगू शकतात.

३. परदेशातून तयार आलेली गाडी असेल तर आयातीचे कागद मागा.

४. टायर, ब्रेक आणि सर्व्हिसचा खर्च आधी विचारा. खऱ्या आर.एस. किंवा एम गाडीचे ब्रेक आणि टायर साध्या मॉडेलपेक्षा कितीतरी महाग असतात. गाडी स्वस्तात मिळाली तरी पार्ट स्वस्त होत नाहीत.

५. सायलेन्सर कापलेला, इंजिनात बदल केलेला असेल तर घेऊ नका. परवानगीशिवाय असे बदल मोटार वाहन कायद्यात चालत नाहीत. दंड नव्या मालकाला भरावा लागतो.

६. समृद्धी महामार्गावरसुद्धा कारला मर्यादा ताशी १२० ची आहे. ६०० हॉर्सपॉवरचे पैसे मोजण्याआधी त्या ताकदीचा आपल्या रस्त्यावर उपयोग किती, हा हिशोब घरात बसून करा.

हौस करायला हरकत नाही. पण जमिनीचे पैसे एकदाच येतात. घरातल्या पोरानं गाडी पसंत केली असेल तर ही सहा कामं आधी करा, मगच इसार द्या.